तायकिळ्याच्या अर्काचा १८ मिलिमीटर झोन: त्याचा अर्थ आणि त्यापुढची चाचणी

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या डिचोलीकडची एक विद्यार्थिनी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तायकिळ्यावर, म्हणजे टाकळ्यावर काम करते आहे. तिने पाल्याचा मिथेनॉलमधला अर्क काढला, तो डीएमएसओ या द्रावकात विरघळवून दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम केला आणि प्लेटमधल्या आगारमध्ये पाडलेल्या वेलमध्ये, म्हणजे खळग्यात, १०० मायक्रोलिटर घातला. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूवर १८ मिलिमीटरचा झोन, म्हणजे वाढ न झालेलं मोकळं वर्तुळ, आला, ई. कोलायवर १४, कॅन्डिडा अल्बिकन्स या बुरशीवर २०. सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या ५ मायक्रोग्रॅमच्या डिस्कने, म्हणजे औषध शोषलेल्या कागदी चकतीने, स्टॅफवर २५ दिला. निगेटिव्ह कंट्रोल म्हणून निर्जंतुक पाणी होतं. नायट्याची बुरशी ट्रायकोफायटनही लावली होती, पण त्या प्लेटा हिरव्या-काळ्या बुरशीने भरून गेल्या. तिचे प्रश्न तीन आहेत: अर्क सिप्रोच्या जवळपास आहे असं लिहू का, पुढे काय करू, आणि गावात नायट्यावर हा पाला वाटून लावतात त्यांना ‘आता सिद्ध झालं’ असं सांगू का.

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. तसं लिहू नका. कारण समजायला एक गुणाकार पुरतो. दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचा अर्क, त्यातला १०० मायक्रोलिटर, म्हणजे एका वेलमध्ये तुम्ही १० मिलिग्रॅम माल घातला. डिस्कवर सिप्रो होतं ५ मायक्रोग्रॅम. तुमचा माल दोन हजार पट जास्त होता आणि तरीही झोन लहान आला. अर्क म्हणजे शेकडो पदार्थांचं मिश्रण. त्यातला कामाचा पदार्थ एक टक्काही नसेल, हे मान्य. पण मग तुलनाच करता येत नाही, आणि करता येत नसलेली तुलना प्रबंधात असू नये.

यामागे एक मूळ मुद्दा आहे, तो नीट समजून घ्या. डिस्क पद्धत बॉअर, कर्बी आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली प्रमाणित केली. आज पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये अमुक मिलिमीटरला ‘सेन्सिटिव्ह’ आणि तमुकला ‘रेझिस्टंट’ म्हणतात, त्याला आधार आहे: प्रत्येक औषधासाठी पुष्कळ जिवाणूंवर झोनही मोजले गेले आणि एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारी कमीत कमी मात्राही काढली गेली, आणि दोन्हींचं नातं बसवलं गेलं. औषध शुद्ध, डिस्कवरची मात्रा ठरलेली, आगारची खोली ४ मिलिमीटर, जिवाणूंची घनता ठरलेली, म्हणून तो आकडा बोलतो. तुमच्या अर्कासाठी असं नातं कुणीच बसवलेलं नाही. झोन किती मोठा येतो हे पदार्थ जिवाणू किती मारतो यावर जेवढं अवलंबून असतं, तेवढंच तो आगारमधून किती लांब सरकतो यावरही असतं. तायकिळ्यात क्रायसोफॅनॉल, एमोडिन यांसारखे अँथ्राक्विनोन असतात. ते पाण्यात फारसे विरघळत नाहीत, त्यामुळे पाणीदार आगारमध्ये वेलच्या काठाशीच अडकून राहतात. उलट एखादं साधं सेंद्रिय आम्ल भराभर पसरतं आणि मोठा झोन देतं. म्हणून दोन वनस्पतींचे झोन शेजारी ठेवून ‘ही त्याहून प्रभावी’ म्हणणं जसं चुकीचं, तसंच झोन आला नाही म्हणून अर्क निरुपयोगी ठरवणंही चुकीचं. झोनची चाचणी ‘काहीतरी आहे का’ हे चाळून बघण्यापुरती ठेवा.

आता तुमचा ई. कोलायवरचा १४. माझं लक्ष सगळ्यात आधी तिथेच गेलं. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरचं एक जादा आवरण असतं, शिवाय आत आलेलं बाहेर फेकणारे पंप असतात. वनस्पतींमधले बहुतेक पदार्थ त्यांच्यासमोर दुबळे ठरतात. त्यामुळे पाल्याच्या साध्या अर्काने ई. कोलायवर झोन दिला की मी आधी विरघळवणाऱ्या द्रवावर संशय घेतो. तुमच्या वेलमध्ये जवळजवळ शुद्ध डीएमएसओ गेला आहे, आणि तेवढ्या डीएमएसओचा स्वतःचाही झोन येऊ शकतो. वेलचा व्यास ८ मिलिमीटर धरला, तर १४ म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम तीन-तीन मिलिमीटरची पट्टी. ती अर्काची की डीएमएसओची, हे तुमच्या प्लेटवरून कळायला मार्ग नाही, कारण कंट्रोलच्या वेलमध्ये पाणी होतं. अर्क ज्यात विरघळवला तेच, तेवढंच, बाजूच्या वेलमध्ये हवं.

दुसरा कंट्रोल सहसा कुणी ठेवत नाही: आम्लतेचा. अर्काचा पीएच मोजा आणि तेवढ्याच पीएचचं नुसतं पाणी एका वेलमध्ये घाला. आपल्याकडे कोकमाच्या सालीवर हे प्रयोग पुष्कळ होतात आणि पाण्यातल्या अर्काला सुंदर झोन येतात. सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल भरपूर असतं. नुसत्या आंबटपणाने जिवाणू अडले असतील, तर ते काम लिंबूही करेल. कोकमात गार्सिनॉलसारखी खरोखर अभ्यासण्याजोगी द्रव्यं आहेत, पण आम्लता बाजूला काढल्याशिवाय ती दिसणार नाहीत. टॅनिन जास्त असलेल्या सालींचंही असंच आहे. टॅनिन प्रथिनांना सरसकट चिकटतं, त्यामुळे ते जवळजवळ प्रत्येक चाचणीत काही ना काही असर दाखवतं.

पुढे काय करायचं, याची सुरुवात प्लेटपाशी होत नाही. ती झाडापाशी होते. ‘टाकळा’ या नावाने आपल्या भागात एकाहून जास्त झाडं ओळखली जातात. तुम्हाला हवा तो सेना टोरा. त्याच्या पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या असतात, टोकं गोलसर, आणि खालच्या जोड्यांच्या मधोमध देठावर बारीक, उभी, पिवळसर ग्रंथी दिसते. भिंगाने बघितली तर चुकायची नाही. रानटाकळा किंवा कासविंदा, म्हणजे सेना ऑक्सिडेंटॅलिस, याच्या पर्णिका जास्त, टोकदार, आणि ग्रंथी देठाच्या बुडाशी. दोन्ही एकाच बांधावर उगवतात. सेना ऑब्ट्युसिफोलिया तर टोराशी इतका मिळताजुळता की जाणकाराला दाखवल्याशिवाय नाव लिहू नये. फुलं-शेंगांसकट फांदी दाबून वाळवा, ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवा, किंवा पुण्याला बोटॅनिकल सर्व्हेच्या पश्चिम विभागाकडे पाठवा, आणि नमुन्याचा क्रमांक प्रबंधात द्या. तो क्रमांक नसेल तर पुढचे सगळे आकडे कुठल्या झाडाचे, हे कुणालाच पडताळता येणार नाही.

पाला कुठला घेतला हेही लिहा. डिचोली-सांगेच्या खाणपट्ट्यात रस्त्याकडेच्या पानांवर खनिजाची तांबडी धूळ बसलेली असते. तो पाला नको. तणनाशक मारलेल्या बागायतीतलाही नको. तायकिळा पडीक जागेत कुठेही मिळतो, अभयारण्यात जायची गरज नाही. मात्र उद्या म्हादई किंवा नेत्रावळीतली वनस्पती घ्यायची झाली, तर वनखात्याची लेखी परवानगी आधी. पहिल्या पावसात भाजीला खुडतात ती कोवळी पानं आणि चवथीच्या सुमारास फुलावर आलेल्या झाडाचा पाला, यांत आतली द्रव्यं सारखी असतील असं धरून चालू नका. दिवस, जागा, झाडाची अवस्था वहीत हवी.

वाळवणं हा गोव्यातल्या पावसाळ्याचा स्वतंत्र प्रश्न आहे. सावलीत वाळवा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. जुलैत आपल्याकडे हवा इतकी दमट असते की सावलीतला पाला वाळायच्या आधी बुरसतो. बुरसलेल्या पाल्याच्या अर्कात बुरशीने तयार केलेली द्रव्यंही उतरतात, आणि त्यांतली काही जिवाणूंना मारतात. म्हणजे श्रेय तायकिळ्याला आणि काम पेनिसिलियमचं. पाला धुवा, पाणी निथळू द्या, पातळ पसरून हवा खेळत्या ओव्हनमध्ये ४० अंशांवर चुरचुरीत होईपर्यंत ठेवा. पूड हवाबंद बाटलीत, सिलिका जेलची पुडी घालून, उजेडापासून लांब. मिथेनॉल उडवतानाही रोटरी इव्हॅपोरेटरचं पाणी ४० अंशांच्या आसपासच असू द्या. शेवटी वजन स्थिर होईपर्यंत व्हॅक्यूममध्ये वाळवा, नाहीतर उरलेलं मिथेनॉलच झोन देईल. १०० ग्रॅम पुडीतून किती ग्रॅम अर्क निघाला, तो आकडा लिहायला विसरू नका.

अर्कात अँथ्राक्विनोन आले आहेत का, हे बघायला महागडं यंत्र लागत नाही. थोडा अर्क सौम्य आम्लात उकळा, थंड झाल्यावर क्लोरोफॉर्मबरोबर हलवा, खालचा थर वेगळा करा आणि त्यात पातळ अमोनिया घाला. वरचा अमोनियाचा थर गुलाबी ते लाल झाला म्हणजे ते आहेत. ही बोर्नट्रेगरची चाचणी. पाला आणि बी दोन्हींवर करून बघा, रंगाचा फरक डोळ्यांना दिसेल.

बियांचा विषय मुद्दाम काढला. नायट्यासाठी जाणती माणसं टाकळ्याचं बी लिंबाच्या रसात किंवा आंबट ताकात वाटून लावतात; आयुर्वेदातला चक्रमर्द हाच. तुम्ही परंपरेचा दाखला देऊन सुरुवात केली आहे आणि तपासला आहे पाल्याचा मिथेनॉल अर्क. त्यात गैर काही नाही, पण मग परंपरेची परीक्षा घेतली असं म्हणता येत नाही. ती घ्यायची असेल तर बी लिंबाच्या रसात, बी पाण्यात आणि नुसता लिंबाचा रस, असे तिन्ही नमुने एकत्र तपासा. आम्लाने स्वतः किती काम केलं आणि बियांनी किती, हे वेगळं दिसेल. मला विचाराल तर तुमच्या प्रकल्पातला सगळ्यात चांगला प्रश्न हाच आहे. ज्यांच्याकडून कृती ऐकली त्यांना विचारून, त्यांची संमती घेऊन, कोणता भाग, कशात, किती दिवस, हे त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा.

आता मुख्य चाचणी: एमआयसी. ९६ वेलच्या प्लेटवर ब्रॉथ मायक्रोडायल्युशन करा, म्हणजे पातळ माध्यमात अर्क टप्प्याटप्प्याने निम्मा करत जिवाणूंची वाढ बघा. अर्काचा स्टॉक दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम, डीएमएसओमध्ये. गाळायचा असेल तर पीटीएफईचा फिल्टर घ्या, सेल्युलोज नायट्रेटचा पडदा डीएमएसओत टिकत नाही. स्टॉक म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये २५ पट पातळ केला की ४ मिलिग्रॅम होतो. पहिल्या दहा रकान्यांत प्रत्येकी १०० मायक्रोलिटर ब्रॉथ भरा. पहिल्या रकान्यात हा पातळ केलेला अर्क १०० मायक्रोलिटर घाला, ढवळा, तिथून १०० उचलून दुसऱ्यात, असं दहाव्यापर्यंत. शेवटचे १०० टाकून द्या. मग प्रत्येकात १०० मायक्रोलिटर जिवाणू. आता पहिल्या रकान्यात १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम, आणि निम्मं निम्मं होत दहाव्यात सुमारे २ मायक्रोग्रॅम. डीएमएसओ पहिल्या रकान्यात १ टक्का, पुढे आणखी कमी. अकराव्यात जिवाणू आणि १ टक्का डीएमएसओ, बाराव्यात नुसता ब्रॉथ.

जिवाणूंची संख्या हा इथला कळीचा भाग आहे. मॅकफार्लंड हे गढूळपणाचं प्रमाण; ०.५ मॅकफार्लंडचा गढूळपणा म्हणजे दर मिलिलिटरला सुमारे १५ कोटी पेशी. तो दीडशे पट पातळ केला की १० लाख, आणि वेलमध्ये निम्मा होऊन ५ लाख. हेच प्रमाण हवं. मॅकफार्लंड बसवल्यापासून १५ मिनिटांच्या आत पुढचं काम उरकायचं, कारण जिवाणू तुमच्यासाठी थांबत नाहीत. संख्या खरंच जमली का हे बघायला अकराव्या रकान्यातून १० मायक्रोलिटर काढून १० मिलिलिटर सलाइनमध्ये घाला आणि त्यातला १०० मायक्रोलिटर प्लेटवर पसरा. दुसऱ्या दिवशी पन्नासच्या आसपास वसाहती आल्या तर बरोबर. पाचशे आल्या तर सगळी प्लेट बाद समजा. दहा पट जास्त जिवाणूंवर काढलेली एमआयसी दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी जुळणार नाही.

३५ अंशांवर १६ ते २० तास. हिरव्या-तपकिरी अर्कात गढूळपणा डोळ्यांनी वाचता येत नाही, म्हणून रेझाझुरिन घालतात: जिवंत पेशी असतील तर निळ्याचा गुलाबी होतो. पण वनस्पतींच्या अर्कातले काही पदार्थ जिवाणू नसतानाही रेझाझुरिनला गुलाबी करतात. त्यासाठी एक ओळ अर्क, ब्रॉथ आणि रंग यांची, जिवाणू न घालता लावा. ती निळी राहिली तरच बाकीच्यावर विश्वास ठेवा. ती ओळ गुलाबी झाली तर रंग सोडा, प्रत्येक वेलमधून थेंब आगारवर ठेवून वाढ बघा. जिवाणू नुसते अडले की मेले, हेही त्याच थेंबांवरून कळतं, ९९.९ टक्के मेले ती मात्रा एमबीसी.

जिवाणू कुठून आणले? ‘हॉस्पिटलमधून मिळालेलं कल्चर’ एवढं पुरत नाही. चंडीगडचं एमटीसीसी किंवा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतलं एनसीआयएम, या जिवाणूंच्या संग्रहांतून क्रमांकासह मागवा. एटीसीसी या अमेरिकी संग्रहाच्या क्रमांकांनी स्ट्रेन, म्हणजे वाण, ओळखले जातात: डिस्कसाठी स्टॅफ एटीसीसी २५९२३ आणि एमआयसीसाठी एटीसीसी २९२१३, हा फरक पाळा, ई. कोलाय दोन्हींना २५९२२ चालतो. २५९२३ वर सिप्रोच्या डिस्कचा झोन २२ ते ३० मध्ये यायला हवा. तुमचा २५ त्यात बसतो, म्हणजे जर तो स्ट्रेन हाच असेल तर तुमची आगारची खोली, घनता आणि तापमान ठीक होतं. पॉझिटिव्ह कंट्रोल ठेवायचा तो आपलीच मांडणी तपासायला. एमआयसीच्या प्लेटवर २९२१३ साठी सिप्रोचा आकडा ०.१२ ते ०.५ मायक्रोग्रॅम यायला हवा. तो बाहेर गेला तर त्या दिवशीचे अर्काचे आकडेही वापरू नका.

आणि प्रयोग तीन वेळा करायचा म्हणजे एकाच प्लेटवरच्या तीन ओळी असं कुणी सांगितलं असेल तर ते विसरा. वेगवेगळ्या तीन दिवशी, नव्याने उगवलेल्या कल्चरवर. शक्य असेल तर वेगवेगळ्या जागचा पाला घेऊन.

बुरशीकडे वळू. कॅन्डिडाच्या शेजारी कोणतं औषध ठेवलं ते तुम्ही कळवलेलं नाही. सिप्रो असेल तर त्याचा काही उपयोग नाही, ते बुरशीवर चालत नाही. फ्लुकोनॅझोल या बुरशीनाशकाची २५ मायक्रोग्रॅमची डिस्क हवी, आणि आगार म्युलर-हिंटनच, पण २ टक्के ग्लुकोज आणि किंचित मिथिलीन ब्ल्यू घातलेलं, म्हणजे झोनची कड स्वच्छ दिसते. एमआयसीसाठी आरपीएमआय १६४० हे माध्यम, पीएच ७ ला बांधलेलं. जिवाणूंचा ५ लाखांचा हिशोब इथे लावू नका. कॅन्डिडाची अंतिम संख्या दर मिलिलिटरला ५०० ते २५०० एवढीच असते.

ट्रायकोफायटनच्या प्लेटा का बिघडल्या हे शोधणं सोपं आहे. एक प्लेट नुसत्या माध्यमाची, उघडी, कामाच्या जागी अर्धा तास ठेवा. दुसरी बंद प्लेट अर्क घातलेली, बुरशी न लावलेली. तिसरी तुमच्या मूळ कल्चरची, पातळ करून पसरलेली. पहिलीवर अ‍ॅस्परजिलस, म्हणजे ती हिरवी-काळी बुरशी, उगवला तर दोष हवेचा. पावसात एसीच्या जाळ्या आणि पाला दळण्याची खोली दोन्ही तपासा. दुसरीवर उगवला तर अर्क निर्जंतुक नव्हता. तिसरीवर उगवला तर कल्चरच मिसळलेलं आहे. कल्चर शुद्ध करायला सायक्लोहेक्झिमाइड हे बुरशीनाशक घातलेलं माध्यम वापरा, ट्रायकोफायटन त्यात तगतो आणि भुरट्या बुरशा बहुतेक अडतात. मात्र प्रत्यक्ष चाचणीच्या माध्यमात ते कधीच नको, नाहीतर मारलं कुणी हे कळणार नाही. जिवाणूंना अडवणारं क्लोरॅम्फेनिकॉल चालेल, तेही कंट्रोलच्या प्लेटांतसुद्धा तेवढंच घालून.

तुमच्या कॉलेजात चालेल अशी पद्धत म्हणजे अर्क माध्यमातच मिसळणं. सॅबुरो आगार ५० अंशांपर्यंत निवाला की त्यात अर्क घाला, जेणेकरून प्लेटमध्ये दर मिलिलिटरला १०००, ५००, २५०, १२५ मायक्रोग्रॅम अशा मात्रा राहतील. मधोमध बुरशीच्या वाढत्या कडेतून कापलेला ५ मिलिमीटरचा तुकडा उपडा ठेवा. २८ अंशांवर, आणि रोज दोन दिशांनी व्यास. ट्रायकोफायटन रुब्रम सावकाश वाढतो, दोन आठवडे धरून चाला. कंट्रोलच्या व्यासातून अर्काच्या प्लेटचा व्यास वजा करा, कंट्रोलच्या व्यासाने भागा, शंभराने गुणा: वाढ किती टक्के रोखली ते मिळेल. दोन्ही व्यासांतून तुकड्याचे ५ मिलिमीटर आधी काढून टाका. या पद्धतीत अँथ्राक्विनोनला आगारमधून सरकावं लागत नाही, त्यामुळे झोनने जे लपवलं ते इथे दिसू शकतं. पुढे बीजाणू मोजून मायक्रोडायल्युशन करायची सोय झाली तर ओटमील आगारवर बीजाणू वाढवा, हिमोसायटोमीटरवर मोजा, आणि प्लेट चार दिवसांनी वाचा.

एक कळकळीची सूचना. ट्रायकोफायटन आणि अ‍ॅस्परजिलसच्या उघड्या प्लेटा आडव्या झोताच्या लॅमिनारमध्ये, म्हणजे गाळलेल्या हवेच्या कपाटात, हाताळू नका. त्यातली हवा प्लेटवरून तुमच्या तोंडाकडे येते, बीजाणूंसकट. बायोसेफ्टी कॅबिनेट हवं. कॉलेजात नसेल तर जिथे आहे तिथे जाऊन काम करा. वापरलेल्या प्लेटा १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बाहेर जाता कामा नयेत. पावसात वीज जाते, तर इन्क्युबेटरचं तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत टिपा. रात्रभर वीज गेलेली प्लेट मोजू नका.

आकडा हातात आल्यावर त्याला काय म्हणायचं? कोस आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये निम्मा असर देणाऱ्या मात्रेसाठी सुचवलेली मर्यादा मी एमआयसीला लावतो: साध्या अर्काची एमआयसी १०० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर पुढे जाण्यात अर्थ आहे. १००० च्या वर असेल तर ‘लक्षणीय’ हा शब्द वापरू नका. मधल्या पट्ट्यात असेल तर अर्काचे भाग पाडून बघा. स्वस्तातला मार्ग टीएलसीचा, म्हणजे पातळ थरावर अर्कातले पदार्थ वेगळे करण्याचा: अर्क टीएलसी प्लेटवर वेगळा करा, वर जिवाणू मिसळलेलं मऊ आगार ओता, उगवल्यावर एमटीटी हा जिवंत पेशींत जांभळा होणारा रंग फवारा. सगळीकडे जांभळं होतं आणि जिथे कामाचा पदार्थ आहे तिथे फिकट ठिपका राहतो. शेजारी दुसऱ्या तशाच प्लेटवर क्रायसोफॅनॉल आणि एमोडिन धावू दिलं, तर ठिपका त्यांचा की आणखी कुणाचा याचा अंदाज येतो.

भाग पाडल्यावर असर नाहीसा झाला तर लगेच निराश होऊ नका. २००० साली स्टर्मिट्झ, लुईस आणि सहकाऱ्यांनी दारुहळदीच्या कुळातल्या, बर्बेरिस प्रजातीच्या झाडांत दाखवलं की बर्बेरिन एकटं स्टॅफसमोर दुबळं असतं, कारण जिवाणू ते पंपाने बाहेर फेकतो. पण त्याच झाडातला दुसरा एक पदार्थ, जो स्वतः जिवाणूला काहीच करत नाही, तो पंप अडवतो आणि मग बर्बेरिन काम करतं. वेगळे काढलेले भाग पुन्हा दोन-दोन करून एकत्र तपासा. त्यात काही सापडलं तर ते झोनच्या मिलिमीटरपेक्षा कितीतरी मोलाचं.

आणि विषारीपणा. त्वचेवर लावायचं द्रव्य त्वचेच्या पेशींवर तपासायलाच हवं. जी मात्रा बुरशी रोखते तीच त्वचेच्या पेशी मारत असेल, तर ते औषध होत नाही. हे काम कॉलेजात होणार नाही, पण प्रबंधात ‘तपासलेलं नाही’ असं स्पष्ट वाक्य लिहिता येतं. निष्कर्षही त्याच बेताने लिहा: अमुक क्रमांकाच्या नमुन्याचा, अमुक अवस्थेतल्या पाल्याचा मिथेनॉल अर्क, अमुक स्ट्रेनविरुद्ध, एमआयसी इतकी, डीएमएसओचा स्वतःचा असर इतका. असर नाही असं निघालं तरी तसंच लिहा. नीट कंट्रोल ठेवून आलेला ‘नाही’ पुढच्या विद्यार्थ्याची दोन वर्षं वाचवतो.

राहिला तिसरा प्रश्न, गावातल्या लोकांना काय सांगायचं. ‘सिद्ध झालं’ असं सांगू नका. प्लेटवर बुरशी थांबणं आणि माणसाच्या कातडीत, केराटिनच्या थरात शिरलेली बुरशी बरी होणं, यांच्यामध्ये अजून बरीच कामं आहेत. नायटा आता पूर्वीसारखा सरळ राहिलेला नाही. २०२० मध्ये वेगळी प्रजाती म्हणून नाव मिळालेला ट्रायकोफायटन इंडोटिनी आपल्या देशात पसरला आहे आणि त्यातल्या पुष्कळ बुरशांवर टर्बिनाफिन हे नायट्याचं नेहमीचं औषध चालेनासं झालं आहे. त्यात दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेली स्टेरॉइडची मिश्र मलमं: खाज थांबते, तांबडेपणा जातो आणि आत बुरशी पसरत राहते. नव्या बुरशीनाशकाचा शोध म्हणूनच गरजेचा आहे आणि तुमचं काम त्या वाटेवरचं आहे. पण आज ज्याच्या कमरेवर वर्तुळं वाढताहेत, त्याने पाला वाटण्यात किंवा मलम बदलण्यात महिने घालवू नयेत. त्याला बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात जायला सांगा. कातडी खरवडून केओएचच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, बुरशी आहे की नाही हे तिथल्या तिथे कळतं. घरातल्या दुसऱ्या कुणाला खाज असेल तर त्यालाही बरोबर न्यावं. आणि आजवर लावलेल्या प्रत्येक मलमाची ट्यूब, रिकामी असली तरी, डॉक्टरांना दाखवायला घेऊन जावी.